परदेशी विद्यार्थी: एक

परदेशातली परिषद आटोपून आलेला प्राध्यापक आमच्या कॉलेजात पहिल्या दिवशी जरा उशिराच यायचा आणि चॉकलेटचा डबा घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरायचा. मॅडम एक चॉकलेट घ्यायच्या, कागद सोडवून तोंडात टाकायच्या आणि विचारायच्या, "कुणाच्या घरी जेवलात?"

"हॉटेलातच सोय होती मॅडम."

"म्हणजे कुणाच्याच नाही."

विषय संपला. शोधनिबंध, प्रमाणपत्र, कुठल्या तरी मनोऱ्यासमोरचा फोटो, यातलं काही त्या बघत नसत. एकदा रसायनशास्त्राचे एक सर थायलंडला गेले होते. परिषदेची बस चुकली म्हणून एका टॅक्सीवाल्यानं त्यांना आपल्या घरी नेऊन जेवू घातलं. अहवालात त्यांनी हे लिहिलं नव्हतं, बोलता बोलता तोंडून निघून गेलं. मॅडमनी त्यांना तासभर बसवून घेतलं. काय वाढलं, जमिनीवर बसून जेवलात की टेबलावर, त्याच्या बायकोशी काय बोललात, पोरं शाळेत जातात का, सगळं विचारलं. पुढच्या स्टाफ मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की आपल्या कॉलेजचा आजवरचा एकमेव आंतरराष्ट्रीय संबंध हा आहे. सगळे हसले. मॅडम विनोद करत नव्हत्या, हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं.

मी त्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. इंग्रजी येतं म्हणून आंतरराष्ट्रीय कक्ष माझ्याकडे दिलेला होता. कक्ष म्हणजे पूर्वी क्रिकेटचं सामान ठेवायची खोली. गाव हायवेवरचं, तालुक्याचं. एका अंगाला जळगाव, दुसऱ्या अंगाला धुळे. पोरं आसपासच्या खेड्यांतली. त्यातली निम्मी अहिराणी बोलत यायची आणि वर्गात पाय टाकला की गप्प व्हायची.

मॅडम मूळच्या साक्रीकडच्या. विषय वनस्पतिशास्त्र. यजमान नरडाण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते, ते धुळ्याला राहत. मॅडम आठवडाभर कॉलेजच्या क्वार्टरमध्ये. उंच, सुती साडी, आणि बाराही महिने हातात पुरुषी काळी छत्री. उन्हात ती डोक्यावर असे, एरवी तिनं त्या बोट दाखवायचं काम करत. टेबलाच्या खणात भाजलेल्या शेंगा असत. आलेल्या प्रत्येकासमोर मूठभर शेंगा पडत, मग तो कुलगुरू असो की टीसी मागायला आलेला बाप. शेंगा सोलताना माणूस खोटं कमी बोलतो, असं त्यांचं म्हणणं होतं. टरफलं फायलींवर साचत आणि शिपाई दिवसातून दोनदा टेबल झाडत असे.

"ग्लोबल" हा शब्द त्यांना चालत नसे. कुणी वापरला की त्या म्हणत, "हे आता अहिराणीत सांगा." सांगणारा अडकायचा. एकदा एक तरुण प्राध्यापक चिडून म्हणाला, "मॅडम, अहिराणीत असा शब्दच नाही."

"मग तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय ते तरी सांगा. शब्द आपण नंतर बघू."

त्या स्वतः तरुणपणी शिष्यवृत्तीवर काही महिने युरोपातल्या एका थंड गावी राहून आल्या होत्या. त्याबद्दल फारसं बोलत नसत. एक गोष्ट मात्र पुष्कळदा सांगत. तिथं पोहोचल्या तो शनिवार होता. प्राध्यापक न्यायला आले, त्यांनी विद्यापीठाचा शेकडो वर्षांचा इतिहास सांगितला, जुनी घंटा दाखवली, खोलीची किल्ली दिली आणि गेले. दुसऱ्या दिवशी रविवार. गावातलं एकही दुकान उघडं नव्हतं. घरून नेलेल्या चटणीबरोबर विमानातला उरलेला पाव खाऊन मॅडमनी तो दिवस काढला.

"माणूस फार चांगला होता," त्या सांगत. "घंटा कुणी ओतली ते त्याला माहीत होतं. रविवारी दुकानं बंद असतात, हे मला सांगावं असं त्याला वाटलं नाही. कारण त्याला ते लहानपणापासून माहीत होतं."

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. त्यांची कापसाची जिनिंग होती. पत्र्याच्या शेडमधून हे कॉलेज त्यांनी उभं केलं होतं आणि आपल्या गावच्या पोरांनी जग बघावं, हे त्यांचं अगदी मनापासूनचं मत होतं. फक्त ते लवकर व्हावं असं त्यांना वाटे. मूल्यांकनाची कमिटी येणार असं कळल्यावर ते एका कोट घातलेल्या गृहस्थांना घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये आले. गृहस्थांच्या फायलीत परदेशी विद्यापीठांबरोबरचे सामंजस्य करार तयार होते. फक्त सही बाकी होती. मी कक्षाचा प्रमुख म्हणून कोपऱ्यात बसलो होतो.

मॅडमनी शेंगा पुढे केल्या. "यांच्याकडून आपल्याकडे कोण येणार?"

"ते पुढे ठरेल मॅडम," गृहस्थ म्हणाले.

"आपल्याकडून कोण जाणार?"

"तेही पुढे."

"मग आज काय ठरलंय?"

"आज सही करायचं ठरलंय," आबासाहेब म्हणाले.

मॅडमनी एक शेंग फोडली. "मला त्या विद्यापीठातल्या एका माणसाचं नाव सांगा. आपलं पोर तिथं तापानं आडवं झालं तर ज्याला फोन करता येईल, असा एक माणूस. मी आत्ता सही करते."

गृहस्थांनी संकेतस्थळाचा पत्ता सांगितला. मॅडमनी फाईल मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"मॅडम," आबासाहेब उठता उठता म्हणाले, "तुम्ही कॉलेज चालवता की खानावळ?"

"दोन्ही चालवावं लागतं, आबासाहेब."

ग्रेस आली ती कुठल्याच कराराशिवाय. ती युगांडाची. घरची केळीची शेती. जळगावकडे प्रयोगशाळेत केळीची रोपं तयार करतात, हे तिनं कुठंतरी वाचलं होतं आणि आमच्याकडे एम.एस्सी.साठी स्वतःच अर्ज केला होता. तिच्या गावी केळीच्या बागांवर रोग पडत होता. निरोगी रोपं कशी वाढवायची ते शिकून तिला परत जायचं होतं. मॅडमनी तिच्याशी फोनवर बरंच बोलून घेतलं आणि मग एक मीटिंग बोलावली. प्राध्यापकांत मी एकटाच होतो. बाकी होस्टेलच्या रेक्टर, मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या सुमनअक्का, बँकेचे मॅनेजर, कॉलेजसमोरचे डॉक्टर आणि पोलीस ठाण्यातले हवालदार.

मॅडमनी छत्रीची मूठ हनुवटीखाली धरून एकेक प्रश्न विचारला. खातं उघडायला तिच्याकडे कुठला पुरावा असेल? तिला अपरात्री ताप आला तर दवाखान्याचं दार कोण उघडेल? ठाण्यात नोंदणीला आली तर तिला किती वेळ बाकावर बसवून ठेवाल? मग म्हणाल्या, "पाळीचे पॅड गावात कुठं मिळतात, हे तिला पहिल्या दिवशी कोण सांगणार?" हवालदार टेबलाकडे बघू लागले. मॅनेजरांनी चष्मा पुसला. शेवटी सुमनअक्का म्हणाल्या, "मी सांगसू ना. त्यात काय शे?"

"झालं," मॅडम म्हणाल्या. "अक्का, ती तुमची जबाबदारी."

अक्कांनी ती जबाबदारी फारच मनावर घेतली. परिणाम असा झाला की ग्रेस मराठीआधी अहिराणी शिकली. मेसच्या खिडकीशी उभी राहून ती म्हणायची, "अक्का, माले भूक लागनी." अक्का म्हणायच्या, "ये माय, बस." आठवडी बाजारात मॅडम तिला स्वतः घेऊन जायच्या आणि प्रत्येक पाटीवाल्या बाईला सांगायच्या, "हाई आपली पोर शे." तेवढी ओळख पुरत असे.

एका रविवारी मॅडमनी मला क्वार्टरवर जेवायला बोलावलं. कच्च्या केळ्यांचा अख्खा घड जमिनीवर होता. ग्रेस केळी सोलून पानांत गुंडाळत होती, मॅडम पाटा धुऊन शेंगदाणे वाटत होत्या. वाफवून लगदा केलेली केळी आणि त्यावर दाण्याचं दाट कालवण. मला ते सपक लागलं. मॅडमनी वर ठेचा घेतला, मग ग्रेसनंही घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिनं पुन्हा घेतला. त्या दुपारी ती आपल्या आईबद्दल, बागेबद्दल, एकामागून एक सडलेल्या झाडांबद्दल बोलली. मॅडम मधेमधे फक्त झाडांबद्दल प्रश्न विचारत होत्या.

दरम्यान आबासाहेबांनी कॉलेजच्या गेटवर मोठं फ्लेक्स लावलं. मध्ये ग्रेसचा फोटो, खाली आबासाहेबांचा हात जोडलेला. मॅडमनी ग्रेसला विचारलं, "तुला विचारलं होतं का?" ती नाही म्हणाली. दुपारपर्यंत फ्लेक्स उतरलं. आबासाहेब दोन दिवस कॉलेजात आले नाहीत.

मग तो व्हिडिओ आला.

मेसच्या खिडकीशी उभी राहून ग्रेस "माले भूक लागनी" म्हणते आहे, एवढंच कुणीतरी मोबाईलवर टिपलं होतं. त्याला माकडाचा आवाज जोडला होता आणि तिच्या हाताशी केळ्याचं चित्र चिकटवलं होतं. संध्याकाळपर्यंत तो गावातल्या प्रत्येक फोनवर होता. बाजारात लोक तिच्याकडे बघून हसू लागले. त्यातल्या पुष्कळांना मॅडमनी तिची ओळख करून दिली होती.

व्हिडिओ करणारी तीन पोरं आमचीच निघाली. त्यांतला एक संस्थेच्या एका संचालकांचा पुतण्या. मॅडमनी त्यांना केबिनमध्ये उभं केलं, व्हिडिओ लावला आणि म्हणाल्या, "यात हसण्यासारखं काय आहे ते मला समजावून सांगा. मला कळलेलं नाही." मॅडमनी व्हिडिओ पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर एकजण रडायला लागला. पुतण्या मात्र रडला नाही.

तिघांना एक सत्र वर्गाबाहेर ठेवायचं पत्र त्यांनी तयार केलं. ते निघालं नाही. कमिटी तोंडावर आली होती, बातमी पेपरात गेली असती. संचालकांनी पत्राला मंजुरी दिली नाही आणि आबासाहेब मॅडमना समजावायला आले.

ग्रेस तोवर होस्टेल सोडून मॅडमच्या क्वार्टरमध्ये राहायला आली होती. वर्गात येत नव्हती. एकदा मी पुस्तकं द्यायला गेलो तेव्हा ती मला म्हणाली, "सर, मी केळीसाठी एवढ्या लांब आले. आता केळ हातात घेतलं की आधी कुणी बघतंय का ते बघते." तिला घरी जायचं होतं.

मॅडम तिला थांबवतील अशी माझी खात्री होती. मी तसं म्हटलंही. "मॅडम, तुम्ही सांगितलंत तर ती थांबेल."

"थांबेल," मॅडम म्हणाल्या. "म्हणून तर सांगत नाही."

आबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं. "जायचं तर जाऊ द्या तिला. मी अडवतोय का? फक्त कमिटी येऊन जाऊ द्या. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. परदेशी विद्यार्थी या रकान्यात आपल्याकडे एवढं एकच नाव आहे. ग्रेड गेली तर अनुदान जाईल, नवे कोर्स जातील. नुकसान कुणाचं? आपल्याच खेड्यातल्या पोरांचं."

मॅडमनी टेबलावरची टरफलं एका जागी गोळा केली. मग म्हणाल्या, "आबासाहेब, तिला रकान्यासाठी थांबवलं तर ती आपल्याकडे शिकायला आली होती, असं मला म्हणता येणार नाही."

कमिटीच्या आदल्या आठवड्यात, भिंतींना रंग चाललेला असताना, मॅडम ग्रेसला घेऊन मुंबईला गेल्या. स्टेशनवर सुमनअक्का आल्या होत्या. त्यांनी चटणीचा डबा ग्रेसच्या हातात दिला. मॅडम विमानतळावर तिला सोडून दुसऱ्या दिवशी परत आल्या आणि थेट कमिटीच्या तयारीच्या मीटिंगला बसल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्या आठवड्यात खणात शेंगा नव्हत्या.

कमिटीत तिघं होते. सभागृहात पडद्यावर आमची आकडेवारी सरकत होती. परदेशी विद्यार्थी या ओळीपाशी कमिटीच्या अध्यक्ष बाईंनी हात वर केला.

"इथं 'एक' असं लिहिलंय. ती विद्यार्थिनी भेटेल का?"

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मॅडमकडे पाहिलं.

"ती गेल्या आठवड्यात घरी परत गेली," मॅडम म्हणाल्या. "आम्ही तिला नीट सांभाळू शकलो नाही."

मग मॅडमनी व्हिडिओची सगळी हकिगत सांगितली. कुणाचं नाव घेतलं नाही. न निघालेल्या पत्राबद्दलही सांगितलं.

बाईंनी विचारलं, "तुमच्या मते चूक कुठं झाली?"

"माझ्याकडून झाली. ती येण्याआधी मी डॉक्टरांशी बोलले, बँकेशी बोलले, पोलिसांशी, मेसशी बोलले. आमच्या विद्यार्थ्यांशी बोलले नाही. मला वाटलं, ती आपलीच पोरं आहेत, त्यांना काय सांगायचं."

बाईंनी ते लिहून घेतलं. ग्रेड एका पायरीनं खाली आली. ती यामुळेच आली की ग्रंथालयामुळे, हे कुणालाच नक्की सांगता आलं नाही, पण संस्थेत सगळ्यांनी ते मॅडमच्या नावावर मांडलं. आबासाहेब मला एकदा म्हणाले, "खोटं बोला असं मी म्हटलं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायचं होतं." त्यांचा आवाज रागावलेला नव्हता. थकलेला होता. मॅडमची प्राचार्यपदाची मुदत संपली तेव्हा ती वाढवली गेली नाही. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून परत प्रयोगशाळेत जाऊन बसल्या. नव्या प्राचार्यांनी कोट घातलेल्या गृहस्थांना बोलावून करारांवर सह्या केल्या. माझ्या कक्षाला पाटी आणि लहान लहान झेंड्यांची ओळ मिळाली. त्या करारांतून आजवर कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

तो पुतण्या पास होऊन काकांच्या धंद्यात गेला. भेटला की वाकून नमस्कार करतो. तो विषय कधी निघाला नाही.

मॅडमनी प्रयोगशाळेत बसून एक नवं खूळ काढलं. पहिल्या वर्षाची चार-पाच पोरं घ्यायची आणि सुट्टीत साक्रीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर राहायला न्यायची. शिबिर नाही, भाषण नाही. ज्याच्या घरी उतरलो तिथं जेवायचं, झोपायचं, पडेल ते काम करायचं. पालकांच्या तक्रारी आल्या, पण खरी भांडणं झाली ती पुढच्या अटीवरून. ज्या घरी तुम्ही राहिलात, त्या घरचं पोर नंतर तुमच्या घरी तितकेच दिवस राहायला येणार. ही अट ऐकून अर्धी पोरं गळत.

"जायला सगळे तयार असतात," मॅडम म्हणायच्या. "बोलवायची वेळ आली की घरच्यांना विचारतो म्हणतात."

गावातल्या एका मारवाडी कापड दुकानदारांची मुलगी पहिल्या खेपेला गेली होती. घरून फराळाचा डबा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी डबा तिथल्या पोरांत वाटून टाकला आणि नागलीची भाकर खाल्ली. पुढे त्या पाड्यावरची भिल्ल मुलगी तिच्याकडे राहायला आली. पहिल्या जेवणाला आईनं त्या मुलीला वेगळं स्टीलचं ताट मांडलं, जरा बाजूला. दुकानदारांची पोरगी उठली, स्वयंपाकघरातून तसलंच ताट स्वतःसाठी घेतलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी आईनं सगळी ताटं एका ओळीत मांडली. हे मला दुकानदारांच्या मुलीनंच सांगितलं, हातातल्या पेनाशी खेळत.

ग्रेस आपल्या देशात शिकली. आता एका रोपवाटिकेत केळीची रोपं तयार करते. वर्षातून एखादी ईमेल येते. यंदाच्या उन्हाळ्यात आली त्यात लिहिलं होतं की तिच्या मावसबहिणीला हेच शिकायचं आहे, तिला आमच्याकडे पाठवावं असं मनात आहे. मॅडम आहेत का?

मी प्रामाणिकपणे कळवलं की मॅडम आता प्राचार्य नाहीत. आंतरराष्ट्रीय कक्षाकडे आता करार आहेत, रीतसर पद्धत आहे, ती माहिती सोबत जोडतो.

तासाभरात ग्रेसचं उत्तर आलं. "त्या प्राचार्य आहेत का, असं मी विचारलं नव्हतं. त्या आहेत का, एवढंच विचारलं होतं."

मी 'आहेत' असं लिहून पाठवलं आणि प्रयोगशाळेकडे गेलो. मॅडम खिडकीशी बसून पोरांकडून कुंड्या भरून घेत होत्या. छत्री भिंतीला टेकलेली होती. मी ईमेल वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "राहणार कुठं?"

मी होस्टेल म्हणणार होतो. तेवढ्यात कुंडी भरणारी ती कापड दुकानदारांची मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे वरची खोली रिकामी आहे. मी घरी विचारते."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं. "ती मासे खाईल. मटण खाईल. तेही विचारशील?"

मुलीनं हातांची माती झटकली. जरा विचार केला.

"ते मी शेवटी विचारेन मॅडम. आधी बाकीचं होऊ दे."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "ते आधी विचार."